सभेत पाच लाखांचं पाकीट देण्याआधी

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गात त्यांची काही शेती गेली आणि मोबदल्याचे २२ लाख मिळाले. सातबाऱ्यावर सासूबाई आणि यजमान अशी दोघांची नावं, म्हणून प्रत्येकाच्या खात्यात ११ लाख. मागे चार एकर कोरडवाहू उरली, तिला पेरणीपासून वेचणीपर्यंत दीड लाख लागतात. सावकाराचे ८० हजार, महिन्याला ३ टक्क्यांनी. सोसायटीचं पीककर्ज १ लाख ४० हजार. मुलगी नर्सिंगला आहे, दोन वर्षं बाकी, वर्षाचा खर्च १ लाख २० हजार.

गावाजवळ तीन दिवसांची प्रार्थनासभा झाली. बाहेरून आलेल्या प्रचारकांनी ताईंना सांगितलं, ५ लाखांचं ‘विश्वासाचं बी’ पेरा, प्रभू शंभरपट देईल, पुढच्या सभेला पाकीट घेऊन या. ७१ वर्षांच्या सासूबाई म्हणतात पैसा हाच सापळा, सगळा मिशनच्या दवाखान्याला देऊन मोकळे व्हा. यजमानांना ट्रॅक्टर घ्यायचा आहे. ताईंचा शेवटचा प्रश्न असा: ‘सभेत नाही म्हटलं तर देवाचा अपमान होईल का?’

ताई, जय ख्रिस्त. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाहीतर पुढचा हिशेब तुमच्या डोक्यात शिरणार नाही. नाही, अपमान होणार नाही. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं तेव्हा मनात ठरवल्याप्रमाणे द्या, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून देऊ नका, असंच सांगितलं. संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो, हे त्याच वचनात पुढे आहे. तुम्हाला तर चार रात्री झोप नाही, असं तुम्ही लिहिता. हे संतोषाचं देणं नव्हे.

आता त्या बियाण्याबद्दल. तुम्ही सरकी टोबणाऱ्या बाई आहात, तुम्हाला बी काय असतं हे सांगायला मी नको. कृषी केंद्रातून पाकीट घेताना बिल घेता, पाकिटावर लॉट नंबर बघता. उगवलं नाही तर बिल, टॅग आणि रिकामं पाकीट घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करता, माणसं शेतात येऊन बघून जातात. या पाच लाखांच्या बियाण्याचं बिल कोण देणार? आणि उगवलं नाही तर दोष कुणाचा? तिथं उत्तर आधीच तयार असतं: तुमचा विश्वास कमी पडला. माझ्या सख्ख्या मावशीनं अशाच एका सभेसाठी गळ्यातली पोत गहाण ठेवली होती. वर्षभरानं पोत बुडाली तेव्हा तिला हेच ऐकवलं गेलं. पैसा गेल्याचं तिला फारसं वाटलं नाही. आपण देवाला कमी पडलो, हे मात्र तिच्या मनातून निघेना, आणि ती उपासनेला यायची बंद झाली. ते आठवलं की मला अजून राग येतो.

प्रचारकांनी शंभरपटीसाठी पेरणाऱ्याचा दाखला दिला असेल. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय घरी उघडा. पेरणारा वचन पेरतो, असं प्रभूनं स्वतः उलगडून सांगितलं आहे. तिथं पैशाचा विषयच नाही. दहाव्या अध्यायात शंभरपट मिळण्याचं वचन आहे खरं, पण त्याच वाक्यात छळही सोबत येईल असं म्हटलंय. ती ओळ सभेत वाचली गेली का, आठवून बघा. ‘बी पेरा आणि देवाकडून पीक घ्या’ ही शिकवण विसाव्या शतकात अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स यांच्यासारख्या प्रचारकांनी पसरवली. २०१० साली केपटाऊनला जगभरातल्या सुवार्तावादी मंडळ्यांची परिषद भरली, तिच्या जाहीरनाम्यात ही समृद्धीची शिकवण शास्त्राला धरून नाही असं स्पष्ट म्हटलं गेलं. तेव्हा तुम्ही नाही म्हणालात तर एकट्या पडत नाही.

दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याचा, प्रश्न वेगळा आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. २२ लाखांचे दोन लाख वीस हजार द्यावेत का, हे तुम्ही पत्रात कोपऱ्यात लिहिलंय. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात शेतात दरवर्षी येणाऱ्या उत्पन्नाचा दशमांश सांगितला आहे, धान्य, द्राक्षारस, तेल. शेताचा दहावा भाग कापून द्या असं तिथं नाही. तुमचे २२ लाख हे उत्पन्न नाही. ते शेतच आहे, रुपयांच्या रूपात आलेलं. माझे वडील कंपाउंडर होते. पगाराच्या संध्याकाळी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तीन पुड्या बांधून ठेवायचे, एक दशमांशाची, एक किराण्याची, एक आमच्या फीची. आजोबांचा प्लॉट विकला त्या महिन्यात दशमांशाची पुडी नेहमीएवढीच होती. पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणाले, ‘ही वडिलांची मिळकत आहे, हिच्या व्याजातून देईन.’ आणि ते पोस्टाच्या व्याजातून शेवटपर्यंत देत राहिले.

तुम्हीही तसंच करा.

सासूबाईंचे ११ लाख त्यांचे आहेत, हे घरात आधी सगळ्यांनी मान्य करायला हवं. त्यातले १० लाख त्यांच्या नावे पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्या दर ८.२ टक्के आहे, आणि एकदा ठेवले की पाच वर्षं तोच दर राहतो. दर तिमाहीला २० हजार ५०० रुपये खात्यात येतील, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या १ तारखेला. त्याचा दशमांश २ हजार ५० रुपये. तो त्यांनी स्वतःच्या हातानं रविवारी पेटीत टाकावा. उरलेल्या लाखातले ५० हजार त्यांना दवाखान्याला द्यायचे असतील तर खुशाल देऊ द्या, चेकने, पावती घेऊन. बाकी ५० हजार त्यांच्या औषधपाण्याला.

सासूबाईंशी बोलताना मात्र सांभाळून. श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा सुईच्या नाकातून उंट जाणं सोपं, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं आहे, आणि त्यांच्या भीतीत खरेपणा आहे. सगळं विकून दे, असं प्रभूनं एका श्रीमंत तरुणाला सांगितलं. पण जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदारानं अर्धंच देतो म्हटलं, तरी त्याच्या घरी तारण आलं. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातही वाइटाचं मूळ म्हणून द्रव्याच्या लोभाचं नाव आहे, द्रव्याचं नाही. त्यांना देवळाच्या पेटीत दोन टोल्या, म्हणजे जवळचे शेवटचे दोन पैसे, टाकणाऱ्या विधवेचं देणं फार प्रिय असेल. त्या विधवेनं आपलं दिलं, नातीची फी दिली नाही. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणून देवळाला वाहून हात झटकणाऱ्यांना प्रभू मार्कच्या सातव्या अध्यायात किती कडक बोलला, तेही त्यांना वाचून दाखवा. मुलीचं शिक्षण तुमच्याच अंगावरची जबाबदारी आहे.

यजमानांच्या ११ लाखांतून सगळ्यात आधी सावकार. महिन्याला २ हजार ४०० रुपये नुसतं व्याज जातंय. चिठ्ठी किंवा कोरा स्टॅम्प पेपर त्याच्याकडे असेल तर पैसे मोजण्याआधी तो परत मागा, आणि सोबत गावातला एखादा जाणता माणूस न्या. पीककर्जाचे १ लाख ४० हजार बाजूला काढून ठेवा आणि मुदतीच्या आत भरा. आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला वेळेवर फेडलं तर व्याज लागत नाही, ती सवलत एका आठवड्याच्या उशिरानं घालवू नका. मुलीचे २ लाख ४० हजार बँकेत मुदत ठेवीत, दोन तुकड्यांत, फीच्या महिन्याला मोकळे होतील असे. दीड लाख बचत खात्यात, दुबार पेरणीची वेळ आली तर पुन्हा त्या सावकाराच्या ओट्यावर बसायला लागू नये म्हणून.

एवढं काढून ४ लाख ९० हजार उरतात. साडेचार लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, सध्याच्या ७.४ टक्क्यांनी महिन्याला २ हजार ७७५ रुपये. ४० हजार हाताशी.

ट्रॅक्टर नको. चार एकरांत तो वर्षातले बहुतेक दिवस अंगणात उभा राहील आणि हप्ता मात्र चालू राहील. नांगरणीला तासानं भाड्याचा आणा, डवरणी बैलानं होतेच. यजमानांना हे माझ्या नावानं सांगा, राग माझ्यावर येऊ द्या.

दोन्ही योजनांचं मिळून वर्षाला १ लाख १५ हजार ३०० रुपये व्याज होतं. त्याचा दशमांश साडेअकरा हजार. शिवाय पऱ्हाटी आणि तुरीच्या उत्पन्नातून जे द्याल ते वेगळं. हे देणं दरवर्षी चालेल, मूळ रक्कम जागेवर राहील, आणि कापणीच्या सणाला तुम्हाला कुणाच्या नजरेला नजर देताना ओशाळं वाटणार नाही. जॉन वेस्ली, ज्यांच्या परंपरेतल्या मेथॉडिस्ट मंडळ्या तुमच्या यवतमाळ भागात जुन्या आहेत, त्यांनी १७६० साली पैशावरच्या उपदेशात मिळवा, वाचवा आणि द्या, ही तिन्ही एकत्र सांगितली होती. सभेत फक्त तिसरं ऐकवलं गेलं, सासूबाईही फक्त तिसरंच धरून बसल्या आहेत.

पुढच्या सभेला जायचं असेल तर जा, गाणी गा, प्रार्थना करा. दानाच्या पेटीत एरवी टाकता तेवढंच टाका. पुन्हा पाकिटाचं विचारलं तर सांगा, आमच्या मंडळीत दशमांश सुरू केलाय. त्याच्या पुढे खुलासा द्यायला तुम्ही बांधील नाही.

सोमवारी सासूबाईंना घेऊन पोस्टात जा. आधार, पॅन, दोन फोटो आणि चेकबुक सोबत असू द्या, लाखाच्या वरची रक्कम तिथं चेकनेच भरावी लागते. वारसदाराचा रकाना रिकामा सोडू नका. कुणाचं नाव घालायचं ते सासूबाईंनाच विचारा, तुम्ही सुचवू नका.