किंग्जच्या ट्रेडचा हिशोब: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात सॅक्रामेंटो किंग्जवर लिहिलं होतं. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधली ही टीम घेतली, तेव्हापासून टीमने ट्रेडमध्ये, म्हणजे दुसऱ्या टीमशी अदलाबदलीत, कोणाला दिलं, कोणाला घेतलं आणि त्यातून पदरात काय पडलं असा विषय होता. इतके मेसेज येतील असं खरंच वाटलं नव्हतं. त्यातले पाच प्रश्न घेतोय. मी २००२ पासून या टीमचा फॅन आहे, लेकर्सविरुद्धची ती सातवी मॅच हरलो तेव्हापासून, त्यामुळे काही उत्तरांमध्ये जीव जास्त अडकलाय हे तुम्हाला दिसेलच.

प्रश्न: सर, २०२२ मध्ये टायरीस हॅलिबर्टनला इंडियानाला देऊन टाकलं आणि त्याने २०२५ मध्ये त्या टीमला फायनलपर्यंत नेलं. आपण मात्र प्ले-इनमध्येच, म्हणजे प्लेऑफआधीच्या पात्रता फेरीतच, अडकलो. किंग्जची ही सगळ्यात मोठी चूक नाही का? (ठाण्याची एक वाचक, वय १९)

उत्तर: नाही, आणि हे मी मन घट्ट करून सांगतोय, कारण हॅलिबर्टन गेला त्या दिवशी मलाही जेवण गेलं नव्हतं.

आधी व्यवहार काय होता ते बघ. ८ फेब्रुवारी २०२२ ला आपण हॅलिबर्टन, बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्पसन दिले, आणि आले डोमांटास सबोनिस, जस्टिन हॉलिडे, जेरमी लॅम आणि एक सेकंड राउंड पिक (पिक म्हणजे नवा खेळाडू निवडायचा हक्क, नीट पुढच्या उत्तरात सांगतो). तेव्हा टीम २००६ पासून प्लेऑफमध्ये गेलेली नव्हती. डीअॅरन फॉक्स आधीच पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल हातात घेऊन खेळ चालवणारा, होता, त्याच्याशी मोठा करार झालेला, आणि हॅलिबर्टनलाही बॉल हातात असेल तरच खरा रंग चढतो. म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. सबोनिस २५ वर्षांचा, दोनदा ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक स्टार खेळाडूंच्या मॅचसाठी निवडला गेलेला, आणि त्याच्यासारखा पास देणारा सेंटर आपल्याकडे कित्येक वर्षांत आला नव्हता.

हे मी नुसते आकडे वाचून नाही सांगत. ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत खेळले ना, वरळीच्या डोममध्ये, तेव्हा मी तिथे होतो. सबोनिस तेव्हा पेसर्सकडे. तो फ्री थ्रो लाइनजवळ बास्केटकडे पाठ करून उभा राहायचा, बॉल एका हातात असा उंच धरून ठेवायचा, आणि कोणीतरी मागून कट मारेपर्यंत नुसता थांबायचा, मग मनगटातून अलगद पास. समोर आपला हील्ड. पहिली मॅच पेसर्सनी ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ अशी एका पॉइंटने जिंकली. ज्या दोघांना मी तिथे एकमेकांसमोर बघितलं ते अडीच वर्षांच्या आत एकाच ट्रेडमध्ये इकडचे तिकडे झाले!

आणि झालं काय, तर पुढच्याच सीझनला ४८ विजय, लीगच्या वेस्ट गटात तिसरा नंबर, एनबीएमधला सगळ्यात लांब असा १६ सीझनचा प्लेऑफचा दुष्काळ संपला. वॉरियर्सविरुद्ध सातव्या मॅचला स्टेफ करीने ५० मारले म्हणून हरलो. सबोनिस लागोपाठ तीन सीझन लीगमध्ये रिबाउंडिंगला (हुकलेला शॉट पकडण्यात) पहिला होता. म्हणजे जे हवं होतं ते मिळालं.

माझी तक्रार वेगळी आहे. हॅलिबर्टन दुसऱ्याच वर्षाचा खेळाडू होता, रूकी करारावर, म्हणजे पगार कमी आणि पुढची काही वर्षं हक्काची. असा माल देताना सोबत एक फर्स्ट राउंड पिक मागायलाच हवा होता. किंमत कमी घेतली हे मान्य, पण हा महागात पडलेला सौदा आहे, आंधळा सौदा नाही. आंधळा सौदा कुठला ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न: पिक, स्वॅप, प्रोटेक्शन हे शब्द तुम्ही सारखे वापरता, पण डोक्यावरून जातात. आम्ही आयपीएलवाले, आमच्याकडे लिलाव असतो. नीट समजावून सांगाल का? (नाशिकचे एक वाचक)

उत्तर: सांगतो की. एनबीएमध्ये नवे खेळाडू ड्राफ्टमधून येतात आणि साधारणपणे जी टीम तळाला तिला आधी निवडायची संधी. प्लेऑफला न गेलेल्या १४ टीमची लॉटरी लागते, त्यातून वरचे नंबर ठरतात. ड्राफ्टच्या फेऱ्या दोन, पहिल्या फेरीतली निवड म्हणजे फर्स्ट राउंड पिक, दुसऱ्या फेरीतली सेकंड राउंड. तर पिक म्हणजे खेळाडू नव्हे, पिक म्हणजे पुढच्या तारखेचा चेक, आणि त्यावर रक्कम किती ते देणारी टीम त्या वर्षी किती वाईट खेळते त्यावर ठरतं. स्वॅप म्हणजे त्या वर्षी तुझा नंबर चांगला लागला तर माझ्याशी अदलाबदल करायची. प्रोटेक्शन म्हणजे अट, पिक पहिल्या दहात आला तर माझ्याकडेच राहणार, दहाच्या खाली गेला तर तुझा.

आता हे आपल्या टीमवर लावून बघू. जुलै २०१५. किंग्जना फ्री एजंट, म्हणजे करार संपलेले मोकळे खेळाडू, घ्यायला पगाराच्या मर्यादेत जागा हवी होती म्हणून त्यांनी फिलाडेल्फियाला कार्ल लँड्री, जेसन थॉम्पसन आणि वर्षभरापूर्वीच आठव्या नंबरवर निवडलेला निक स्टॉस्कस दिला, वर एक फर्स्ट राउंड पिक जो पुढे २०१९ चा ठरला, आणि त्याच्याही वर २०१६ आणि २०१७ चे स्वॅप. बदल्यात आले आर्तुरास गुडाइटिस आणि लुका मित्रोविच या दोन खेळाडूंना घेण्याचे हक्क. दोघेही एनबीएमध्ये एकही मॅच खेळले नाहीत.

मोकळ्या झालेल्या जागेत राजोन रॉन्डो, मार्को बेलिनेली आणि कोस्टा कूफोस आले. टीम ३३ मॅच जिंकली, ४९ हरली. रॉन्डो आणि बेलिनेली वर्षभरात गेले. आणि मग २०१७ ची लॉटरी. आपल्याला शक्यता आठव्या नंबरची, आणि गोळे असे पडले की आपण थेट तिसऱ्यावर! इतक्या वर्षांनी नशीब दारात आलं आणि त्या स्वॅपमुळे आपल्याला ते उचलून फिलाडेल्फियाला द्यावं लागलं, त्यांचा पाचवा नंबर घेऊन. त्यांनी तो तिसरा नंबर आणि किंग्जच्या २०१९ च्या पिकवरचा हक्क बोस्टनला देऊन पहिला नंबर घेतला, आणि बोस्टनने तिसऱ्यावर कोणाला निवडलं, जेसन टेटमला. आपल्याकडे तिसरा नंबर राहिला असता तर आपण टेटमच घेतला असता असं मी म्हणत नाहीये, पाचव्यावर आलेला फॉक्स मला प्राणापेक्षा प्रिय होता. पण निवडायचा हक्कच आपण विकून बसलो होतो, आणि तोही ज्याला पर्याय होता अशा एका उन्हाळ्यातल्या घाईसाठी.

म्हणून माझ्या मते रणदिवे यांच्या काळातला सगळ्यात वाईट ट्रेड हाच. यात कुठला मोठा स्टार गेला नाही, त्यामुळे फॅनना राग येत नाही, बातमीही चार ओळींची असते. पण देताना आपण किती वाईट खेळू शकतो याचा विचारच केला नव्हता. तळाला असलेल्या टीमने स्वतःचा पुढचा पिक देणं म्हणजे पेरायचं बियाणं विकून सण साजरा करणं. याला एक जुना नमुनाही आहे, १९८० च्या दशकात क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी फर्स्ट राउंड पिक असे वाटून टाकले की लीगला नियम करावा लागला, पुढच्या लागोपाठ दोन वर्षांचे फर्स्ट राउंड पिक देता येणार नाहीत. आजही त्याला स्टेपियन रूल म्हणतात, आणि स्वॅपचा इतका सुळसुळाट झालाय तोही बराचसा या नियमातून वाट काढायला.

२०१९ चा पिक मात्र चौदावा लागला, कारण त्या सीझनला आपण ३९ जिंकलो. हरून फायदाच नव्हता ना, पिक दुसऱ्याचा, मग पोरं जिंकायला खेळली. मला त्या सीझनचं फार कौतुक आहे.

प्रश्न: दादा, मी नोकरीनिमित्त सॅक्रामेंटोजवळ राहते. इथले जुने लोक अजून डिमार्कस कझिन्सचं नाव काढून हळहळतात. एवढा मोठा खेळाडू देऊन तेलही गेलं तूपही गेलं असं झालं ना? (फॉलसम, कॅलिफोर्निया)

उत्तर: ताई, मलाही तेव्हा असंच वाटलं होतं. फेब्रुवारी २०१७, ऑल-स्टार मॅचची रात्र, न्यू ऑर्लीन्समध्येच, आणि कझिन्स न्यू ऑर्लीन्सलाच गेला. सोबत ओम्री कॅस्पी. आले बडी हील्ड, टायरीक एव्हन्स, लँग्स्टन गॅलोवे, एक फर्स्ट राउंड आणि एक सेकंड राउंड पिक. जनरल मॅनेजर व्लाडे डिवाट्सनी तर स्वतःच सांगितलं की दोन दिवस आधी यापेक्षा चांगली ऑफर होती. फॅनच्या जखमेवर मीठच.

पण ट्रेडचा हिशोब त्या रात्री संपत नाही, त्याची वंशावळ काढावी लागते. मी वहीच्या मागच्या पानावर काढली आहे, तुम्हीही काढून बघा. फर्स्ट राउंड पिक दहावा लागला, तो पोर्टलंडला देऊन आपण पंधरावा आणि विसावा घेतला. पंधराव्यावर जस्टिन जॅक्सन, विसाव्यावर हॅरी जाइल्स. जाइल्सची फांदी तिथेच सुकली. पण जॅक्सन २०१९ मध्ये डॅलसला गेला आणि आला हॅरिसन बार्न्स. हील्ड २०२२ मध्ये इंडियानाला गेला आणि आला सबोनिस, अर्थात त्यात मोठा वाटा हॅलिबर्टनचा. म्हणजे २०२३ मध्ये जी टीम प्लेऑफला गेली, व्हिक्टरीनंतर तुमच्या गावावर जो जांभळा बीम आकाशात सोडायचे, त्या स्टार्टिंग पाचमधल्या दोघांची मुळं कझिन्सच्या ट्रेडमध्ये सापडतात.

आणि दुसरी बाजू बघा. कझिन्स ठेवला असता तर २० कोटी डॉलरच्या वरचा करार द्यावा लागला असता. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या पायाचा अकिलीस तुटला, त्या उन्हाळ्यात तो वॉरियर्सकडे गेला आणि न्यू ऑर्लीन्सच्या हातात शून्य. दुखापत कोणाला आधी कळत नाही, त्याचं श्रेय मी किंग्जना देणार नाही, हळहळ खरी आहे आणि माणूस आपला होता. पण त्या ट्रेडमध्ये निदान तरुण खेळाडू आणि पिक घ्यायचे एवढं भान होतं, २०१५ ला तेही नव्हतं.

प्रश्न: २०१८ ला लुका डॉन्चिच सोडून मार्विन बॅग्लीला घेतलं ते या हिशोबात का नाही धरलं? (कोल्हापूर)

उत्तर: कारण तो ट्रेड नव्हता, दुसऱ्या नंबरचा पिक आपलाच होता. चुकलं, सरळ चुकलं, त्यावर मलमपट्टी नको. त्याच रात्री डॉन्चिच तिसऱ्या नंबरवर निवडला गेला आणि डॅलसने ट्रेड करून तो मिळवला. पिक जमवणं एक आणि पिकवर माणूस ओळखणं दुसरं. पहिलं जमूनही दुसरं फसलं तर हातात काही राहत नाही.

प्रश्न: फॉक्सच्या ट्रेडला दहापैकी किती मार्क? तीन फर्स्ट राउंड पिक मिळाले म्हणजे चांगलंच झालं की. (पुणे)

उत्तर: तीन नाही हो, नीट मोजूया. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन टीमच्या ट्रेडमध्ये फॉक्स सॅन अँटोनिओला गेला आणि आला शिकागोचा झॅक लव्हीन, ज्याचा पगार वर्षाला ४ कोटी डॉलरच्या वर. सोबत शार्लट, सॅन अँटोनिओ आणि मिनेसोटाचे मिळून तीन फर्स्ट राउंड आणि तीन सेकंड राउंड पिक. पण शार्लटच्या पिकवर लॉटरी प्रोटेक्शन होतं, म्हणजे तो लॉटरीतल्या १४ नंबरांत आला तर शार्लटकडेच राहणार, आणि शार्लट त्या वर्षी इतकी दुबळी की तो पिक मिळण्याची आशाच नव्हती, त्याचे दोन सेकंड राउंड झाले. हेडलाइनमध्ये तीन, हातात दोन. ट्रेडची बातमी वाचताना आधी प्रोटेक्शनची ओळ वाचा, आकडा नंतर.

सॅन अँटोनिओचा २०२७ चा पिक. तिथे वेम्बान्यामासारखा स्टार आहे, वर फॉक्स आपणच दिला, म्हणजे ती टीम चांगलीच खेळणार आणि पिक मागेच लागणार. राहिला मिनेसोटाचा २०३१ चा. खरा दाणा हाच. मिनेसोटाचा स्टार अँथनी एडवर्ड्स तेव्हा २९ वर्षांचा असेल, तो तिथेच असला तर पिक साधा, तो गेला आणि टीम कोसळली तर सोनं.

फॉक्स करार वाढवायच्या एक्स्टेन्शनवर सही करत नव्हता, कोच माइक ब्राउनला डिसेंबरमध्येच काढलं होतं, जगाला कळलं होतं की किंग्ज विकायला बसलेत, अशा वेळी गिऱ्हाईक भाव पाडणारच. तरी लव्हीनचा तो पगार घ्यायला नको होता, त्या जागी एक तरुण खेळाडू मागायचा होता, मग दुसरा पिक कमी मिळाला असता तरी चाललं असतं. मी चार मार्क देतो. पाचवा मार्क मिनेसोटावर ठेवलाय. आणि तो २०३१ चा पिक मधल्या काळात कुठल्या तिशी ओलांडलेल्या खेळाडूसाठी वापरून टाकला, तर चारातलाही एक कापेन.