वाचक विचारतात : चहाचे आधण आणि काही गैरसमज

(चहाविषयी आलेल्या पत्रांतून ज्यांचे उत्तर अनेक घरांत उपयोगी पडेल असे प्रश्न येथे घेतले आहेत. एकसारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.)

प्रश्न : साखर सोडून गुळाचा चहा सुरू केला, परंतु चारांतून एकदा तरी दूध फाटते. सासूबाई म्हणतात गूळ भेसळीचा आहे, दूधवाला म्हणतो आले टाकू नका. खरे काय? — एक वाचिका, कोल्हापूर

दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण दूध फाटले म्हणजे गूळ भेसळीचाच असला पाहिजे, हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. गूळ मुळातच किंचित आम्लधर्मी असतो, आणि पावसाळ्यात ओल लागून चिकट झालेला गूळ आतून आंबू लागल्यामुळे अधिकच आंबट होतो. थंड दुधाला एवढ्याशा आंबटपणाने काही होत नाही. उकळत्या दुधातील केसिन हे प्रथिन मात्र तेवढ्यानेही गोळा होते. गुळातील क्षारही त्याला हातभार लावतात. म्हणूनच चहा गाळून झाल्यावर, वाफ थोडी निवली की कपात किंवा किटलीत गूळ विरघळवावा. किसलेला गूळ लवकर विरघळतो, खडा टाकून ढवळत बसावे लागत नाही. दूध कालचे असेल, तर एवढे करूनही ते फाटू शकते, आणि तेव्हा दोष गुळाचा नसतो.

आल्याची गोष्ट वेगळी आहे. ताज्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर असते, आणि साधारण साठ ते सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास ते सर्वाधिक काम करते. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात याच गुणाचा उपयोग करून एक गोड पदार्थ केला जातो : आल्याच्या रसावर गरम दूध ओतले की काही मिनिटांत ते खरवसासारखे थिजते. आपल्या पातेल्यात मात्र हे थिजणे नको असते. आले ठेचून दुधात टाकण्याऐवजी आधण ठेवतानाच पाण्यात टाकावे आणि दोन-तीन मिनिटे खळखळ उकळू द्यावे. उकळीने ते विकर निकामी होते, चव मात्र पाण्यात उतरते. सुंठ वापरणाऱ्या घरांत ही तक्रार फारशी ऐकू येत नाही.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे की गुळामुळे यजमानांचा मधुमेह आटोक्यात राहील आणि तुम्हाला लोह मिळेल. याबाबत मात्र निराशा करणे भाग आहे. गुळाचा मोठा हिस्सा साखरच असते आणि रक्तातील साखर तीही वाढवते, तेव्हा यजमानांसाठी ‘गूळ चालतो’ ही समजूत साखरेपेक्षा अधिक घातक ठरते, कारण तिच्या भरवशावर माणूस दोन चमचे जास्त घालतो. एका चमच्यातील लोह नगण्य असते, आणि जे असते त्यातलेही बरेचसे चहाच अडवून ठेवतो. ते कसे, हे पुढील उत्तरात येईल.

प्रश्न : माझे हिमोग्लोबिन कमी आहे. डॉक्टरांनी चहा कमी करण्यास सांगितले. मी कोरा चहा पिते, त्यात दूधही नाही आणि साखरही नाही. तरीही त्रास होतो का? — एक वाचिका, नांदेड

होतो, कारण अडचण दुधाची किंवा साखरेची नसून चहाच्या पानातीलच आहे. जिभेला तुरट लागणारी पॉलिफेनॉल द्रव्ये आतड्यात लोहाला बांधून ठेवतात आणि ते लोह रक्तात न जाता बाहेर टाकले जाते. मांसाहारातील लोहावर याचा परिणाम कमी होतो. पालेभाज्या, डाळी, बाजरी आणि नाचणी यांतील लोहावर मात्र तो ठळक दिसतो. १९७०च्या दशकातील प्रयोगांत जेवणासोबत चहा घेतल्यावर अशा लोहाचे शोषण निम्म्याहूनही कमी झालेले आढळले होते.

तरीही चहा सर्वस्वी सोडण्याची गरज बहुतेकांना पडत नाही, वेळ बदलली तरी बराच फरक पडतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे म्हटले आहे. आपल्याकडे पोह्यांच्या बशीशेजारी चहाचा कप नसेल तर पाहुणचारच अपुरा वाटतो, याची मला कल्पना आहे. निदान पोह्यांवर लिंबू सढळ हाताने पिळावे. त्यातील ‘क’ जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास मदत करते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चहाबरोबर कधीही घेऊ नयेत.

प्रश्न : चहा जितका जास्त उकळावा तितका कडक आणि तरतरी आणणारा होतो, हे बरोबर ना? — एक वाचक, जळगाव

रंग गडद होतो आणि जीभही जास्त आखडते, पण तरतरी त्या प्रमाणात वाढत नाही. तरतरी आणणारे कॅफिन गरम पाण्यात चटकन उतरते. आपण वापरतो ती बारीक दाणेदार पूड तर पाने चिरडून, फाडून आणि गोल वळवून केलेली असते. ही यंत्रपद्धत १९३०च्या दशकात आसामच्या मळ्यांतून पुढे आली. दाणा इतका बारीक असल्यामुळे त्यातले बहुतेक सारे पहिल्या तीन-चार मिनिटांतच पाण्यात येते. त्यानंतर उकळत राहिलो तर तुरटपणा आणि कडवटपणा तेवढा वाढतो, आणि तो झाकण्यासाठी साखर वाढते. पातेल्यात उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी घालून ‘दुसरा’ चहा करणाऱ्यांना रंग मिळतो, बाकी फारसे काही मिळत नाही.

कडक चहा हवा असेल तर वेळ न वाढवता पूड अर्धा चमचा वाढवावी. वरील मार्गदर्शक सूचनांनुसार दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम धरावी, म्हणजे कप मोजताना कार्यालयातील कटिंगही हिशेबात घ्यावेत.

गडद रंगाविषयी आणखी एक इशारा द्यायला हवा. थंड पाण्यात टाकताक्षणीच जी पूड लालभडक रंग सोडते, ती उत्तम नसून संशयास्पद असते. पांढऱ्या गाळणकागदावर चिमूटभर पूड पसरून पाणी शिंपडावे आणि मग कागद नळाखाली धुवावा. कागदावर गडद डाग राहिले, तर पुडीला वरून रंग दिलेला असण्याची शक्यता असते.

प्रश्न : ग्रीन टीचे झाड वेगळे असते का? आमच्या परसातील गवती चहाची पाने वाळवली तर तसाच चहा होईल का? — एक वाचक, सावंतवाडी

हिरवा चहा आणि काळा चहा एकाच झाडाच्या पानांपासून होतात. पान खुडल्यानंतर ते मळून हवेत ठेवले की काळे होते, लगेच उष्णता देऊन ती क्रिया थांबवली की हिरवे राहते. परसातला गवती चहा मात्र नावापुरताच चहा आहे. ते सुगंधी गवत आहे, त्यात कॅफिन नसते आणि ते कितीही वाळवले तरी त्याचा ग्रीन टी होणार नाही. रात्री झोप येत नाही म्हणून चहा सोडलेल्यांना नुसत्या गवती चहाचा काढा निर्धास्तपणे घेता येतो, तेव्हा ते बेट उपटू नका. विकतचा ग्रीन टी कडू लागत असेल तर पाणी खळखळ उकळते न वापरता, उकळी थांबल्यावर काही मिनिटांनी ओतावे.

प्रश्न : चहाने मुलांचा रंग काळवंडतो का? — एक वाचिका, सातारा

नाही. त्वचेचा रंग मेलॅनिन ठरवते आणि त्याचा कपाशी संबंध नाही. लहान मुलांना चहा देऊ नये तो झोपेसाठी आणि लोहासाठी.

प्रश्न : माझे वय ७४ आहे. मी आजही चहा बशीत ओतून फुरके मारत पितो. सुनेला ते गावंढळ वाटते, आणि ती म्हणते की चहा वाफाळताच प्यावा, निवला की त्याचे गुण जातात. — एक वाचक, बारामती

चहा निवल्याने त्यातले गुण जात नाहीत. उलट २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ६५ अंश सेल्सिअसहून अधिक गरम पेये नेहमी पिणे हे अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण मानले. हा ठपका चहावर नसून उष्णतेवर आहे. बशीत ओतल्यावर चहाचा थर पातळ होतो, हवेला मोठा पृष्ठभाग मिळतो आणि कपात पाच-सात मिनिटे लागणारे काम एक-दोन मिनिटांत होते. सूनबाईंना हा मजकूर वाचायला द्यावा. बशी मात्र रुंद आणि खोलगट घ्यावी, म्हणजे चहा सदऱ्यावर सांडणार नाही.