गायरान दोन गावांचं, सातबारा एकाच गावात

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावाची सरपंच आहे. आमची आणि शेजारच्या गावाची एकच गट ग्रामपंचायत होती, ती काही वर्षांपूर्वी विभागली. दोन्ही गावांच्या मधलं 14 हेक्टर गायरान शेजारच्या शिवारात मोडतं, पण आमची गुरं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच चरतात. मालगुजारानं (इंग्रजी अमदानीतल्या गावच्या जमीनदारानं) ती जागा दोन्ही गावांना दिली होती, असं म्हातारे सांगतात. आता त्या पंचायतीनं अर्ध्या जागेला तारेचं कुंपण घालून ती खाजगी शेळीपालनाला भाड्यानं द्यायचा ठराव केला आहे. 'उरलेली अर्धी तुमची, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून देतो,' असं तिथले सरपंच म्हणतात. सही करावी का?

उत्तर : सरपंचताई, सही करू नका. कागद खोटा म्हणून नाही, तर जे त्यांचं नाही ते ते तुम्हाला देऊ पाहत आहेत म्हणून. आणि जे तुमचंही नाही, ते तुम्ही घ्यायला निघाला आहात.

मालगुजाराच्या गोष्टीत तथ्य असेलही. पण 1950 च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानं 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपली आणि गावच्या पडीक-चराऊ जमिनी सरकारजमा झाल्या. त्यामुळे आजच्या सातबारावर भोगवटादार म्हणून 'सरकार' असेल आणि पुढे 'गायरान' किंवा 'गुरचरण' अशी नोंद असेल. सरकार अशी जमीन अटींवर पंचायतीकडे सोपवू शकतं, पण म्हणून पंचायत काही मालक होत नाही. तेव्हा 'संयुक्त मालकी' हा शब्द अर्जात चुकूनही घालू नका. समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो तुमच्यावर उलटवील. तुम्हाला लढायचं आहे ते वापराच्या हक्कासाठी, आणि तिथे तुमची बाजू बरीच भक्कम आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 22 नुसार जिल्हाधिकारी जमीन गुरचरणासाठी राखून ठेवतात. कलम 23 सांगतं की चराईचा हक्क ज्या गावाला *किंवा गावांना* ती जमीन नेमून दिली असेल, त्यांच्या गुरांपुरता असतो. त्या 'गावांना' या अनेकवचनावर तुमचं निम्मं काम होऊ शकतं. म्हणून आधी जमीन राखून ठेवल्याचा जुना आदेश आणि निस्तारपत्रक (पडीक जमिनीवरचे गावकऱ्यांचे चराई, सरपण असे वापराचे हक्क नोंदवलेला कागद) शोधा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज द्या. तलाठ्याच्या (आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं, पण गावात कोण म्हणतं!) तोंडी उत्तरावर थांबू नका. पंचायत विभागली तेव्हाच्या आदेशाची नक्कलही घ्या.

कागदात फक्त शेजारच्या गावाचं नाव निघालं तरी दार बंद होत नाही. विदर्भासाठी असलेल्या तरतुदींत कलम 164 आहे : एखाद्या गावाची पडीक जमीन अपुरी असेल, तर जिल्हाधिकारी चौकशी करून त्या गावाला शेजारच्या गावात चराईचा किंवा निस्ताराचा हक्क देऊ शकतात. अर्ज याच कलमाखाली करा. तुमच्या गावात किती गुरं, किती पडीक उरलं, आखरावरून (गुरं गोळा होतात त्या जागेवरून) गायकी, म्हणजे गुराखी, कळप कुठल्या पांदणीनं (शेतांमधल्या वाटेनं) नेतो, हे त्यात मांडा. जाण्यायेण्याची वाट वेगळी मागा. चराईचा हक्क मिळाला आणि मधली पांदण अडवली, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत.

शेळीपालनाचा ठराव मात्र मला टिकेलसा वाटत नाही. कलम 22-अ नं गायरानाचा दुसरा वापर जवळपास बंदच केला आहे. सार्वजनिक प्रकल्पासाठीसुद्धा दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तरच गायरान देता येतं. खाजगी प्रकल्पवाल्याला ते अपरिहार्यच असेल, तर त्यानं दुप्पट क्षेत्राची पर्यायी जमीन शासनाला द्यावी लागते. हे शासनानं ठरवायचं, पंचायतीच्या ठरावानं नाही. कुंपणाचे खांब उभे राहण्याआधी तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी हरकत नोंदवा. सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सर्व राज्यांना सांगितलं, आणि त्यानंतर महाराष्ट्रानं 12 जुलै 2011 चा शासन निर्णय काढला. हरकतीत दोन्हींचा उल्लेख करा.

एक धोंड मात्र आधीच तपासा. नोंद 'झुडपी जंगल' (खुरट्या झुडपांची जमीन) अशी तर नाही ना? पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशा जमिनी आहेत, आणि 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्या वनजमिनी ठरवल्या. तसं निघालं तर वनेतर वापराला 1980 च्या वन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागेल आणि शेळीपालनाचा विषय तिथेच थांबेल. पण मग तुमची वाटही बदलेल. तेव्हा वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करावा लागेल, आणि एकच वन दोन ग्रामसभा वापरत असतील तर दोन्हींच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निष्कर्ष द्यायचा असतो.

शेजारच्या सरपंचांशी बोलणं मात्र तोडू नका. ग्रामपंचायत अधिनियमात दोन पंचायतींना सामाईक कामासाठी संयुक्त समिती नेमता येते. पाण्याचं टाकं, चाऱ्याची लागवड, पावसाळ्यात कोणता भाग बंद ठेवायचा, हे तिथं ठरवा. दोन्ही ग्रामसभांत गणपूर्तीसह (15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जे कमी ते) सारख्याच शब्दांत ठराव घ्या आणि तो जिल्हाधिकाऱ्यांकडच्या अर्जाला जोडा. स्टॅम्पचे पाचशे रुपये गायरानाच्या सरकारी मोजणीच्या फीत घाला.

जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश विरोधात गेला, तर अपिलाला 90 दिवस असतात. आदेशाची नक्कल त्याच दिवशी मागा.