पेशीतली तोडफोड थांबवली की मायलोमा का मरतो?

प्रश्न: बाबांना मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर आहे, बोर्टेझोमिबची इंजेक्शनं आणि लेनालिडोमाइडच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले इंजेक्शन प्रोटीन तोडणारं एन्झाइम बंद पाडतं. मग इम्युनिटी कमी होणार नाही का? बाहेरून एन्झाइमच्या गोळ्या दिल्या तर चालतील?

उत्तर: गोळ्यांचं आधी सांगते, नका देऊ. त्या अन्न पचवायच्या असतात, पेशीच्या आतल्या एन्झाइमशी त्यांचा काही संबंध नाही.

पेशीत नको असलेल्या प्रोटीनवर युबिक्विटिन नावाची चिठ्ठी चिकटते, ती चिकटवणारी एन्झाइम्स आपल्याकडे 600 च्या आसपास आहेत, आणि चिठ्ठी लागलेलं प्रोटीन प्रोटिअसोम नावाच्या यंत्रात जाऊन त्याचे तुकडे होतात. ही चिठ्ठीची भानगड शोधणाऱ्या सिकॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना 2004 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. बोर्टेझोमिब हे यंत्रच अडवतं. आता मायलोमाची पेशी म्हणजे बिघडलेली प्लाझ्मा पेशी, ती दिवसरात्र अँटिबॉडीचं प्रोटीन बनवत बसते, त्यातलं चुकीचं घडलेलं तोडायची सोयच राहिली नाही की ते आत साचतं आणि पेशी मरते, इतर पेशींवर एवढा लोड नसतो म्हणून त्या बऱ्यापैकी तग धरतात.

लेनालिडोमाइड मात्र बरोब्बर उलटं करतं, आणि मला हेच सगळ्यात भारी वाटतं! ते काही बंद पाडत नाही, चिठ्ठी लावणाऱ्या सेरेब्लॉनला इकारोस आणि आयोलोस या दोन प्रोटीनकडे वळवतं, ती दोन्ही मायलोमाला जगायला लागतात, त्यांचे तुकडे झाले की मायलोमा मरतो आणि टी पेशी, म्हणजे इम्युनिटीच्या लढाऊ पेशी, उलट जास्त जोरात कामाला लागतात.

इम्युनिटीची तुमची शंका रास्त आहे. व्हायरसच्या प्रोटीनचे तुकडे प्रोटिअसोमच करतं, ते तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर दिसले की टी पेशी ती पेशी मारतात. बोर्टेझोमिब चालू असताना इम्युनिटी दबल्यामुळे नागीण उठू शकते, म्हणून सोबत असायक्लोव्हिर हे व्हायरसवरचं औषध देतात, ते चालू आहे ना हे आधी बघा. ग्रीन टीचा अर्क किंवा व्हिटॅमिन सीचे मोठे डोस घरी कुणी सुचवले असतील तर थांबवा, लॅबमध्ये दोन्हींनी बोर्टेझोमिबचा असर कमी केलेला दिसलाय. आणि पायाला मुंग्या किंवा जळजळ सुरू झाली तर पुढच्या इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो, नाहीतर नसांचं दुखणं वाढत जातं.