सून गर्भार आहे आणि कपाशीवर फवारणी आली आहे

प्रश्न : सुनेला पाचवा महिना आहे. ती पंप घेत नाही, फक्त पाणी आणते आणि औषध कालवून देते. दुकानदाराने प्रोफेनोफॉस, इमामेक्टिन ही कीडनाशके आणि टॉनिक एकत्र मारायला सांगितले आहे. चालेल का?

उत्तर : नाही. सुनेने कालवणेही नाही आणि हे मिश्रणही नाही.

कालवणे हेच सगळ्यांत धोक्याचे काम आहे. बाटलीतले प्रोफेनोफॉस 50 टक्के असते. 10 लिटर पाण्यात 20 मिली टाकले की पंपात राहते 0.1 टक्का. म्हणजे झाकणाने मोजताना बोटांवर ओघळणारा थेंब फवाऱ्यापेक्षा 500 पट कडक. हे औषध कातडीतून रक्तात जाते, वारेतून बाळापर्यंत पोचते आणि मज्जातंतूंना लागणाऱ्या एन्झाइमवर घाव घालते. हे विष फोडण्याची ताकद नवजात बाळात मोठ्यांपेक्षा फार कमी असते. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यातील शेतमजूर मातांच्या अभ्यासात, गर्भारपणी ज्यांच्या लघवीत प्रोफेनोफॉसच्या गटातील (ऑर्गॅनोफॉस्फेट) औषधांचे अंश जास्त होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी कमी भरला. आईला उलटी-चक्कर आली नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

दुकानदाराची चिठ्ठी हा सल्ला नव्हे, ती विक्री आहे. लेबलवर नसलेले मिश्रण करू नका. अळी नसताना अळीचे औषध मारू नका. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात 8 पतंग आले, तरच फवारणीचा विचार करा. 'थोडे जास्त टाका, लवकर मरेल' हे तर मुळीच ऐकू नका. जादा मात्रेने किडी खाणारे मित्रकीटक मरतात, तीच कीड परत येते आणि विष तुमच्याच घरात साठते.

सुनेला फवारलेल्या रानात निंदणीला किंवा वेचणीला पाठवू नका. रानात पुन्हा जाण्याची लेबलवरची मुदत संपली, तरी पोटुशीला पाठवू नका. तुमचे फवारणीचे कपडे तिने धुवायचे नाहीत. तुम्हीच वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. आंघोळ झाल्याशिवाय लेकराला उचलू नका. बाळंतीण शेतावर आलीच तर त्या दिवशी पंप बाहेर काढायचा नाही. बांधावरच्या लिंबाला बांधलेल्या झोळीवर वाऱ्यासोबत फवारा येतो, आणि झोळीचे कापड तो धरून ठेवते. आईने अंगावर पाजणे मात्र थांबवू नये.

रसशोषक किडींसाठी आधी 5 टक्के निंबोळी अर्क वापरा. 5 किलो निंबोळी पावडर 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून दोनदा गाळा. 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबणचुरा विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण 100 लिटर करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. शिळा अर्क काम करत नाही. पहिल्या दोन फवारण्या याच्याच घ्या, हे मी आग्रहाने सांगतो.

प्रश्न : विहीर शेतातच आहे. बाळाला वरचे दूध त्याच पाण्यात, उकळून देतो. ठीक आहे ना?

उत्तर : युरिया भरपूर पडणाऱ्या रानातल्या विहिरीत नायट्रेट उतरते. पाण्यात मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटते आणि ते वाढते. तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद त्यामुळे घटते. ओठ, नखे निळसर दिसली तर तडक दवाखाना गाठा. सहा महिने फक्त आईचे दूध, वरून पाणीही नको. विहिरीचे पाणी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासून घ्या. युरिया एकदम टाकू नका, हप्त्यांत विभागून द्या. जादा युरियाने पान लुसलुशीत होते, मावा-तुडतुडे धावून येतात आणि दुकानदार पुन्हा बाटली काढतो.

सरकारच्या मातृ वंदना योजनेत आईला पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये, दुसरे अपत्य मुलगी झाल्यास 6,000. नोंदणीसाठी अंगणवाडी ताई किंवा आशाताईंना भेटा. विषबाधेची शंका आली तर 108 वर फोन करा आणि रिकामी का असेना, औषधाची बाटली सोबत न्या. लेबल वाचले की डॉक्टरांना नेमका उपचार ठरवणे सोपे जाते.