खाली गुंता, वर दोष

शिवणकाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासूबाईंच्या पायाने चालवायच्या जुन्या काळ्या मशीनवर मी दोन महिन्यांपासून शिवण शिकते आहे. वरून टीप बरी दिसते, पण कापड उलटे केले की खाली दोऱ्याचा गुंता झालेला असतो. खालचा दोरा सैल असेल असे समजून मी बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याची रीळ, म्हणजे बॉबिन, बसते त्या डबीचा) स्क्रू बराच आवळला, तर आता तो दोरा सारखा तुटतो. मशीन दुरुस्त करणारा तालुक्याला फक्त बाजाराच्या दिवशी येतो. नवी बॉबिन केस घ्यावी का?
(एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, बॉबिन केस तूर्त घेऊ नका. गुंता खाली दिसतो म्हणून दोषही खालीच असणार असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि माझ्या वर्गात येणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी पहिला स्क्रू तिथलाच फिरवते; परंतु असा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. खात्री करायची असेल तर वर लाल आणि बॉबिनमध्ये पांढरा दोरा घालून एखाद्या चिंधीवर वीतभर टीप मारून पाहा. गुंत्यात लालच लाल दिसले, तर बिघाड वर आहे.

असे का होते ते समजले म्हणजे पुढच्या वेळी हात आपोआप योग्य जागी जाईल. सुई कापडातून खाली जाऊन किंचित वर येऊ लागली की वरच्या दोऱ्याची एक कडी सुटते. शटलचे, म्हणजे खाली फिरणाऱ्या आकड्याचे, टोक ती कडी पकडून बॉबिन केसभोवती फिरवते, आणि मग समोर वरखाली होणारी भोकाची तरफ तो सगळा जादा दोरा वर ओढून टाका आवळते. हे आवळणे नीट व्हावे म्हणून टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्यांनी दोरा दाबून धरलेला असावा लागतो. दोरा चकत्यांच्या मध्ये न बसता नुसता कडेवरून गेला, किंवा तरफेच्या भोकातून ओवायचा राहून गेला, तर वर ओढला न गेलेला दोरा कापडाखाली साचत राहतो.

म्हणून वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा, आणि ओवताना प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचललेला ठेवा, कारण पुष्कळ मशीनमध्ये तो वर असताना चकत्या सैल होतात आणि खाली सोडला की मिटतात. सुईच्या नेढ्यात ओवण्याआधी फूट खाली सोडून दोरा हलकेच ओढा. तो हाताला अडल्यासारखा लागला पाहिजे. सरळ निघून आला तर तो चकत्यांत बसलेलाच नाही. टीप सुरू करताना फूट खाली आहे ना ते पाहा (जाड कापड असले की तो सोडायचा राहून जातो आणि कापड दाबलेलेच आहे असा भास होतो) आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत दोन्ही दोऱ्यांची टोके मागे बोटांत धरून ठेवा.

आता तुम्ही आवळलेल्या स्क्रूविषयी. भरलेली बॉबिन केसमध्ये घाला आणि दोऱ्याचे टोक धरून केस लोंबू द्या. नुसती धरली असता ती जागच्या जागी राहावी आणि मनगटाला हलका झटका दिला की बोट-दोन बोटे खाली उतरावी. सरसर उतरली तर स्क्रू सैल आहे, झटक्यानेही हलली नाही तर घट्ट आहे. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नका आणि हे काम पांढऱ्या कापडावर करा. तो स्क्रू मिऱ्याच्या दाण्याहून लहान असतो आणि सारवलेल्या जमिनीवर पडला तर पुन्हा हाती लागत नाही.

आणखी एक विचारते. मशीन असलेल्या खोलीतच कापूस साठवला आहे का? चांगल्या बाजारभावाची वाट पाहत आपल्याकडे कापूस घरात महिनोन्‌महिने पडून असतो. त्याचे तंतू उडून कापड सरकवणाऱ्या दात्यांच्या खाली आणि शटलभोवती बसतात आणि तेलात भिजून त्यांचा चक्क नमदा होतो. एका मशीनच्या दात्यांखालून मी बोटभर जाडीचा थर टाचणीने उकरून काढला होता. सुईखालच्या प्लेटचे दोन स्क्रू काढून तिथे जुन्या दात घासायच्या ब्रशने झाडून घ्या. बॉबिन केसवर दोरा दाबून धरणाऱ्या पट्टीखाली एखादा तंतू अडकला असला तरी दोरा तुटतो; तो जाड कागदाच्या कोपऱ्याने काढावा, सुईने उकरू नये, कारण पट्टीवर चरा पडला की दोरा कायमचा अडू लागतो.

प्रश्न : सुई मोडली म्हणून नवी घातली, तेव्हापासून मशीन टाके सोडते आणि वरचा दोरा तुटतो. जुन्या सुईने असे होत नव्हते.
(एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : सुई बहुधा उलटी बसली आहे. तिच्या एका बाजूला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते. नख फिरवले तर ती जाणवते. दोरा त्याच बाजूने नेढ्यात शिरला पाहिजे, म्हणजे कापडात घुसताना तो खाचेत लपून राहतो आणि घासला जात नाही. खाच कोणत्या बाजूला हवी हे, सुईच्या वर दोरा अडकवायची जी शेवटची कडी असते ती कोणत्या बाजूला आहे त्यावरून ओळखावे. सुई वर अगदी टेकेपर्यंत सरकवून मग स्क्रू आवळा. दोन तांदळांएवढी जरी खाली राहिली तरी शटलला दोऱ्याची कडी सापडत नाही. साध्या सुती कापडाला १४ नंबर, पातळ कापडाला ११ आणि जाड कापडाला १६ नंबर घ्यावा. १४ नंबर म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडीची सुई, तेव्हा तिने जीन्सचे चार पदर शिवू गेल्यास ती वाकणारच.

तुम्ही नवशिक्या असाल तर एवढेही पाहा की वरचे, हाताने फिरवायचे चाक सदैव आपल्याकडे फिरते आहे. पायडलवर पाय पडताना ते उलटे गेले की दोरा त्याच क्षणी अडकतो. दोरा न ओवता, जुनी बोथट सुई लावून वहीच्या रेघांच्या कागदावर चार दिवस सराव करावा.

प्रश्न : उन्हाळ्यात मशीन वापरात नव्हते. आता पायडल इतके जड झाले आहे की पाय दुखून येतो. घरी जवसाचे तेल होते, तेच घातले होते.
(एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : तेलानेच घात केला आहे. जवसाचे तेल हवा लागून सुकते आणि त्याची साय धरते. याच गुणामुळे ते रंगात आणि लाकडाच्या पॉलिशात घालतात. भाजीला उत्तम, मशीनला अपायकारक. खोबरेलही चालत नाही, ते २४ अंशांच्या आसपास थिजते. थोडे रॉकेल मिळाले तर तेलाच्या प्रत्येक भोकात दोन-दोन थेंब सोडून, चुलीपासून दूर, दोरा न ओवता मशीन पाच मिनिटे चालवा, निघालेला काळा मळ पुसा, आणि लगेच मशीनचे पातळ पांढरे तेल घाला. रॉकेल तसेच राहिले तर लोखंड कोरडे पडते. पहिली टीप मात्र चिंधीवर मारा, नाहीतर उरलेले तेल ब्लाउजच्या पाठीवर उतरेल.

प्रश्न : बॉबिन भरली आणि त्यानंतर चाक फिरते, पण सुई हलत नाही.
(एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : बॉबिन भरताना चाकाच्या मधला मोठा स्क्रू तुम्ही सैल केला होता. तो पुन्हा आवळा.