तुझी फाईल परत पाठवतोय

पोरी,

कुष्ठरोगावरच्या प्रकल्पाची तुझी फाईल आईच्या हाती परत पाठवतोय. चोवीस पानं दोनदा वाचली. अक्षर सुरेख आहे, आकृत्याही झकास रंगवल्यास. सातव्या आणि अकराव्या पानावर पेन्सिलीनं फुल्या मारल्यात, त्यांच्याकडं येतोच.

रविवारी जिन्याच्या पायरीवर बसून तू विचारलंस, "काका, विषय बदलू का? मॅडम म्हणतात डेंग्यू घे. मैत्रिणी म्हणतात शी गं. आणि आईला वाटतं की मी असल्या लोकांजवळ गेले तर..." वाक्य तू पुरं केलं नाहीस. मीही चहा पुढं करून वेळ मारून नेली. मला समोरासमोर धड बोलता येत नाही, बोलायला गेलो की आवाज चढतो. म्हणून लिहितोय.

विषय बदलायचा तर खुशाल बदल. डेंग्यू काही हलका रोग नाही. पण तोही असाच लिहिणार असशील तर कुठला का रोग असेना, काय फरक पडतो? या चोवीस पानांत तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली एकही गोष्ट नाही. मी शोधली. आधी बघ, मग लिही, एवढं एकच मला येतं. तेच आता चार वेळा सांगणार आहे, तेव्हा कंटाळू नको.

सातवं पान. "या रोगात हातापायांची बोटे झडतात." कुणाची झडताना बघितलीस? मी तीस वर्षं बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत कुष्ठरोगाचं काम केलं, एकाचंही बोट झडून पडलेलं मला दिसलं नाही. जंतू बोटं खात नाहीत, ते नसेत शिरतात, रक्ताच्या नव्हे, स्पर्श कळवणाऱ्या. नस गेली की चटका कळत नाही, काटा कळत नाही. एक बाई होती, चुलीवरचं भगुलं फडक्याशिवाय उतरवायची. सासू कौतुकानं सांगायची, "आमच्या सुनेचे हात लोखंडाचे आहेत." मी हात उलटा करून बघितला तर तळव्यावर तीन फोड, एक फुटलेला, आणि बाई माझ्याशी हसून बोलत होती. असे फोड चिघळतात, जखम हाडापर्यंत जाते, हाड झिजतं आणि बोट आखूड होत जातं. याला वर्षं लागतात. म्हणजे त्या बाईची बोटं वाचवायला आपल्या हातात वर्षं असतात. "झडतात" लिहिलंस की ती सगळी वर्षं तू एका शब्दात पुसून टाकलीस.

अकरावं पान. "2005 साली भारतातून कुष्ठरोगाचे उच्चाटन झाले." हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. 2005 च्या डिसेंबरात झालं ते एवढंच, की देशात 10,000 लोकांमागं रुग्णांचं प्रमाण 1 पेक्षा खाली आलं. याला सरकारी भाषेत निर्मूलन म्हणतात, आणि लोकांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. आजही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त. संपलेला रोग कसा असतो ते बघायचं असेल तर टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जा. तिथं क्रिकेट खेळणाऱ्या किती पोरांना ठाऊक असेल की या जागेला हे नाव का पडलं? इथं देवीची लस तयार व्हायची. देवीचा नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण 1977 साली सोमालियात सापडला आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं की देवी गेली. तो रोग खरोखर गेला. हा अजून इथंच आहे, कदाचित तुमच्या गल्लीतसुद्धा.

आता माझं सांगतो. हे मी फार जणांना सांगितलेलं नाही.

जांबोटीच्या पुढचं एक गाव. जुलै महिना, मलप्रभेला पाणी आलेलं, सायकल एका देवळात ठेवून मी चिखलातून चालत गेलेलो. घरोघरच्या पाहणीचं काम. एका घरात माणसं सात, सहा जणांना तपासलं. सातवा बारा वर्षांचा पोरगा, म्हशी घेऊन माळावर गेला होता. आई म्हणाली, "त्येला काय धाड भरलीया? दगडासारखा हाय." माझ्या अंगावरचा सदरा पिळून निघेल इतका भिजलेला. आमचं बोलणं मराठीतलं आणि रजिस्टर कन्नडमधलं. पोराच्या नावापुढं मी लिहिलं, "इल्ल". म्हणजे नाही. चट्टा नाही, बधिरपणा नाही, काही नाही. लिहायला दोन सेकंदं लागली असतील.

चार वर्षांनी तो शाळेच्या तपासणीत समोर आला. शर्टाचं बटण त्याला लावता येत नव्हतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं. मी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर नस सुतळीसारखी जाड लागली. कोपराच्या वर तळहाताएवढा फिकट चट्टा, आई त्याला शिबं म्हणायची, हळद लावायची. हाताची ताकद गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर ती परत यायची बरीच आशा असते. त्याची जाऊन दोन वर्षं झाली होती. रोग बरा झाला, एमडीटीनं, म्हणजे एकत्र द्यायच्या औषधांनी, जवळजवळ सगळ्यांचाच होतो. हात तसाच राहिला. अजूनही कधीतरी खानापूरच्या बाजारात भेटतो, हसून नमस्कार करतो, एकाच हातानं. दुसरा खिशात असतो.

तू म्हणशील, पाऊस होता की काका. होताच. दिवसाला इतकी घरं झालीच पाहिजेत असा वरून हुकूम होता. आमचे त्या वेळचे साहेब आकडा विचारायचे, माणूस कधीच विचारायचे नाहीत. न बघता "इल्ल" लिहिणारा मी एकटा होतो असंही नाही. आणि त्याच महिन्यात दुसऱ्या गावात मी तीन रुग्ण शोधून काढले, ते माझ्याशिवाय कुणाला सापडले नसते. हे सगळं खरं आहे. बायकोला इतक्यांदा ऐकवलंय की आता ती नुसती मान हलवते आणि भाजी निवडत राहते.

म्हणून तुझ्या फाईलवर माझा जीव तुटतो. तूही तेच केलंस, गं. न बघता लिहिलंस. तुझ्या लिहिण्यानं कुणाचा हात जाणार नाही हे मला कळतं, पण सवय अशीच लागते.

आईची भीती. तिला माझ्याकडून सांग, तीस वर्षं मी या लोकांच्या घरी जेवलोय. बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूला परतवायची ताकद जन्मजात असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या फार दिवसांच्या, अगदी जवळच्या सहवासात श्वासावाटे लागण होते. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत तो कुणाला रोग देऊ शकत नाही. औषध सहा महिने किंवा बारा महिने, सरकारी दवाखान्यात फुकट. पहिल्या डोसानंतर लघवी लाल होते आणि लोक घाबरून गोळ्या उकिरड्यावर टाकतात, आधी सांगितलं तर टाकत नाहीत. बघ, ही गोष्ट तुझ्या चोवीस पानांत कुठं नाही, आणि माझं निम्मं आयुष्य ती सांगण्यात गेलं.

हा जंतू मोठा आळशी आहे. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं, कधी वीस. तुझ्या वयाच्या एखाद्या मुलीच्या हातावर आज चट्टा दिसला तर ती गोष्ट बहुधा ती बारा वर्षांची असताना सुरू झालेली. त्याला थंड जागा आवडते, म्हणून कानाची पाळी, नाक, कोपर. आजवर कुणालाच तो काचेच्या बशीत वाढवता आलेला नाही. उंदराच्या पंजात वाढतो, आणि अमेरिकेतल्या आर्माडिलो नावाच्या खवल्यांच्या प्राण्यात वाढतो, कारण त्याचं अंग थंड असतं. प्रकल्पाला हाच विषय ठेवलास तर हे एकच धर आणि त्यावर दहा पानं लिही. इतिहास, लक्षणं, प्रकार, उपचार, सगळं कोंबायला तुला कुणी सांगितलं?

तुझ्या फाईलमध्ये हॅन्सनचा फोटो आहे आणि खाली 1873. बरोबर आहे, नॉर्वेतल्या बर्गेनला त्यानं हा जंतू बघितला. पुढचं तू लिहिलं नाहीस. जंतूमुळंच रोग होतो हे त्याला सिद्ध करता येईना, म्हणून 1879 साली त्यानं एका रुग्ण बाईला न विचारता तिच्या डोळ्यात रोगाचं द्रव्य टोचलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1880 मध्ये रुग्णालयातली त्याची जागा काढून घेतली. मी तुला बघ बघ म्हणून मागं लागलोय खरा, पण बघायच्या आधी विचारायचं असतं. रुग्णाचं नाव नको, गाव नको, फोटो तर अजिबात नको. कुणाला हात लावायचा नाही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि रुग्णाला, दोघांनाही विचारून बाजूला उभं राहायचं आणि बघायचं. रुग्ण नको म्हणाला तर आभार मानून घरी यायचं.

मॅडमशी भांडू नको. त्यांना सांग, पानं कमी होतील.

गुरुवारी दहा वाजता ये, उजेड चांगला असतो. आईलाही आण. मोबाईल नको, एक बॉलपेन आण, साधं. बधिरपणा कसा तपासतात ते आधी माझ्या हातावर करून बघू. डोळे उघडे असताना एकदा टोक टेकवून दाखवायचं, मग डोळे मिटायला सांगायचं आणि म्हणायचं, लागेल तिथं बोट ठेवा. टेकवायचं, ओढायचं नाही. मधेच न टेकवता थांबायचं, कारण काही जण अंदाजानं बोट ठेवतात, काही जण पापणीतून चोरून बघतात. त्यांना वाटतं परीक्षा आहे आणि नापास झालो तर घरी काय होईल. मीसुद्धा चोरून बघीन, पकडता येतं का बघ.

तुझा,
काका